उन्हाळ्यात बाहेर फोटो काढायचे तर उजेड कुठला निवडावा?

ओसरीवरचा | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. येत्या १८ मेला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. गावी, संगमेश्वर तालुक्यात. घरात कॅमेरा असलेला मी एकटाच, त्यामुळे फोटो मीच काढायचे असं ठरलंय, आणि मला ते मनापासून नीट करायचंय.

कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी पुतण्याची मुंज होती, तीही मे महिन्यातच. जेवणं उरकल्यावर, दुपारी अडीचच्या सुमारास, मी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास वाटले. पुण्याला येऊन संगणकावर उघडले तर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली सावलीचा डाग, आणि काकांचं धोतर म्हणजे नुसता पांढरा पट्टा, काठ नाही की चुणी नाही. त्याच वर्षी श्रावणात आजोबा गेले. तो त्यांचा शेवटचा फोटो आणि त्यात त्यांचे डोळे दिसत नाहीत. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढला नव्हता. सावल्या उचलून पाहिल्या, चेहरा राखाडी झाला, बाकी काही हाती लागलं नाही.

आता कार्यक्रम असा: सकाळी ८ पासून शांत आणि होम, ११ नंतर पाहुणे येत राहणार, १ ला पंगत, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो त्यानंतरच. वेळ बदलणं माझ्या हातात नाही. अंगणात मांडव आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर, १८-५५ ची लेन्स, ५० मिमीची एफ १.८, आणि एक छोटा फ्लॅश. एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर मी तिथे आहे, त्यात आजीचे निवांत फोटो काढायचेत. वाळवणाचे पण.

उजेड कुठला धरू? अनुभवाचं सांगा.

निशिगंध_८ | ४ मे, रात्री १०:१५

सकाळी सूर्य उगवल्यावर तासभर आणि मावळायच्या आधी तासभर. मधल्या वेळात कॅमेरा पिशवीत. सगळीकडे हेच सांगतात.

ओसरीवरचा | ४ मे, रात्री १०:३२

धन्यवाद. पण पाहुणेच ११ ला येणार. सकाळी सहाला मुंबईचे आत्या-काका कुठून आणू?

सातारची_लेक | ५ मे, पहाटे ३:२०

मी १४ वर्षं लंडनला आहे. निशिगंध म्हणतात तो "तासभर" इथे खरा आहे. जूनमध्ये इथे सूर्य तिरका तिरका चढतो, भर दुपारीसुद्धा ६२ अंशांच्या वर जात नाही, आणि संध्याकाळचा सोनेरी उजेड पाऊण-एक तास रेंगाळतो. ती सवय घेऊन मी एकदा मे महिन्यात माहेरी आले. यवतेश्वरच्या पठारावर आईला उभं केलं, म्हटलं थांब गं, अजून छान होईल. पदर नीट करेपर्यंत सूर्य खाली. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ उभा वर येतो आणि सरळ खाली पडतो. मऊ सोनेरी उजेड म्हणजे जेमतेम अर्धा तास, दोन्ही वेळा. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून आपल्या मे महिन्याचं वेळापत्रक आखू नका, एवढंच सांगते.

तीस_वर्षं_छायाचित्रण | ५ मे, सकाळी ७:०५

ओसरीवरचा, तुमच्या आजोबांच्या फोटोबद्दल वाचून वाईट वाटलं. माझ्या सुरुवातीच्या काळात रोलवर असे पुष्कळ फोटो गेले आणि ज्यांचे गेले त्यांची घरं मला आजही आठवतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातच लग्नामुंजींचे फोटो काढत आलो. एप्रिल-मे हाच आमचा हंगाम, आणि मुहूर्त कुणी उजेड बघून काढत नाही. म्हणून वेळ निवडायची हा विचार मी कधीच सोडला. जागा निवडायची आणि तोंड कुठे करायचं ते निवडायचं.

आधी एक साधं मोजमाप घ्या, घड्याळ लागत नाही. आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब असेल तर उघड्या उन्हात चेहरा बिनधास्त काढा. उंचीइतकी झाली की सांभाळून, तोंड उन्हाकडून वळवून. उंचीपेक्षा आखूड झाली की उघड्या उन्हात माणूस उभा करायचा नाही. तुमच्या तारखेला, तुमच्या गावात, दुप्पट सावलीची वेळ सकाळी ८ ला संपते आणि संध्याकाळी ५ ला पुन्हा सुरू होते. उंचीइतकी सावली सकाळी सव्वानऊ-साडेनऊला आणि दुपारी पावणेचारला. मधले सहा-साडेसहा तास सावलीत काढायचे आहेत, आणि सावली निवडणं हेच खरं काम आहे.

आता मला सांगा, घराचं तोंड कुठे? दक्षिणेच्या अंगाला काय आहे?

ओसरीवरचा | ५ मे, सकाळी ८:४०

घर पूर्वाभिमुख. समोर ओसरी, तिच्यापुढे अंगण आणि मांडव. उत्तरेला विहीर आणि केळी. दक्षिणेला लांब पडवी आहे, तिथे चुलीची लाकडं, नारळाचा ढीग आणि जुना झोपाळा. कौलं पुढे उतरलेली, पडवी साधारण आठ फूट खोल. तिकडे कुणी फारसं जात नाही. पडवीसमोर थोडी मोकळी जागा, मग कलमं.

तीस_वर्षं_छायाचित्रण | ५ मे, सकाळी ९:१०

तीच जागा. लाकडं हलवा.

सविस्तर दुपारी लिहितो, आत्ता कार्यालयात निघालोय.

कॅमेरावेडी_मुग्धा | ५ मे, सकाळी ११:२५

दक्षिण? तिकडे तर दिवसभर ऊन येणार ना? आम्हाला शिकवलं होतं की सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेचा उजेड मऊ. चित्रकारांच्या स्टुडिओला उत्तरेकडे खिडक्या असतात त्याच कारणाने.

तीस_वर्षं_छायाचित्रण | ५ मे, दुपारी ३:३०

मुग्धाताई, प्रश्न अगदी योग्य. ते वर्षाचे बहुतेक महिने खरं आहे. पण मे महिन्यात आपल्याकडे उलटं होतं.

शून्य सावलीचा दिवस आपण ऐकतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायातच जिरते. कोल्हापूरला ६-७ मेच्या आसपास, संगमेश्वरला ८-९ मे, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नागपूरला २६ च्या पुढेमागे. तो दिवस ओलांडला की सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो. नुसता दुपारी नाही, दिवसभर. उगवतो पूर्वेच्या उत्तरेला, दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेने जातो, मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला. हे थेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं, फक्त मध्ये पाऊस सुरू होतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

म्हणजे १८ मेला तुमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ ऊन असेल आणि दक्षिणेच्या पडवीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उन्हाची तिरीपसुद्धा शिरणार नाही. खात्री करायची तर अंगणात मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंब्याला लावून रोवा आणि साडेबाराच्या सुमारास सावली बघा. तीन-चार सेंटीमीटर असेल आणि दक्षिणेकडे पडलेली असेल.

आता पडवीत माणसं कशी उभी करायची ते. पडवीच्या आत खोल नाही. कौलांच्या सावलीची जमिनीवर जी रेघ पडते तिच्या आत दोन-तीन फूट, तोंडं बाहेर, उघड्या आकाशाकडे. तुम्ही बाहेर उभे. असं केलं की समोरचं सगळं मोकळं आकाश एका मोठ्या खिडकीसारखं चेहऱ्यावर येतं, डोळ्यांत चमक येते, आणि मागची भिंत आपोआप गडद राहते. हीच माणसं चार फूट मागे सरकली की उजेड निम्म्याहून कमी होतो. आणि एक पाऊल पुढे आली की कपाळावर ऊन, गालावर सावली, फोटो गेला. म्हणून जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवा. मी आजही मारतो.

ओसरीही दुपारनंतर सावलीत असेल, पण तुमच्या मांडवाने तिचं आकाश झाकलंय, म्हणून मी पडवी म्हणतोय.

एक राहिलं. पडवीसमोरची जमीन तांबडी असणार. तिच्यावर ऊन पडलं की खालून तांबूस उजेड उठतो आणि हनुवटीखाली, गळ्यावर बसतो. सारवलेली असेल तर उजेड पिऊन टाकते. दोन्हीला उपाय एकच, समोर उन्हात दोन पांढऱ्या चादरी अंथरा, फोटोत येणार नाहीत इतक्या अलीकडे. काठ्या-दगड ठेवा कोपऱ्यांवर, नाहीतर वाऱ्याने उडतात. चादरींवरून उठलेला उजेड म्हाताऱ्या माणसांच्या खोल डोळ्यांपर्यंत पोचतो. आजीसाठी हे करायलाच हवं.

कॅमेरावेडी_मुग्धा | ५ मे, दुपारी ४:१०

काठी मी १४ तारखेनंतर पुण्यात रोवते. हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या गच्चीवरची उत्तरेची भिंत मे महिन्यात का तापते ते आज कळलं.

झापांचा_मांडव | ५ मे, रात्री ८:००

मांडवाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मांडव झापांचा असेल तर खाली कवडसे पडतात. डोळ्यांना ते फार सुरेख दिसतात, पण फोटोत होमासमोर बसलेल्या माणसाच्या नाकावर एक पांढरा ठिपका, कानावर एक, आणि बाकी चेहरा काळोखात. होम ८ ला सुरू म्हणजे तासाभरात कवडसे चालू. आदल्या दिवशी मांडवावर जिथे यजमान बसणार तेवढ्या भागावर पांढरं सुती कापड, जुनं धोतर किंवा चादर, अंथरून घ्या. उजेड गाळून येतो. ताडपत्री टाकू नका. ती निळी असते आणि सगळे चेहरे निळे पडतात, नंतर काही केल्या हळदीचा रंग हळदीसारखा दिसत नाही. मंडपवाल्याचं लाल-पिवळं कापडही तसंच. पांढरंच मागा.

आंब्याच्या गर्द झाडाखाली उभं केलं तर चेहऱ्यावर हिरवट झाक येते, तेही लक्षात असू द्या. झाडाच्या सावलीच्या कडेला, जिथून आकाश दिसतं तिथे चालेल.

शटर_सव्वाशे | ५ मे, रात्री ९:२०

आकड्यांचं मी बघतो. एफ म्हणजे लेन्सचं तोंड, आकडा लहान तितकं ते मोठं. शटर म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या हिश्शात. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदना. आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

निरभ्र उन्हाला जुना नियम आहे: एफ १६, आणि शटर आयएसओच्या उलट. आयएसओ १०० असेल तर १/१००. आता त्याच उन्हात तुम्ही ५० मिमीची लेन्स एफ १.८ ला उघडलीत तर शटर १/८००० च्या आसपास लागतं. साध्या डीएसएलआरचं शटर बऱ्याचदा १/४००० ला संपतं. म्हणजे फोटो एका स्टॉपने जळणार, आणि पडद्यावर उन्हात ते दिसतही नाही. मागची झाडं धूसर करायचा मोह उन्हात आवरा, किंवा एफ २.८ पर्यंत थांबा.

पडवीसारख्या मोकळ्या सावलीत उजेड साधारण तीन स्टॉप उतरतो. दोन रांगांचा फोटो असेल तर एफ ८, १/२००, आयएसओ ४०० ने सुरुवात करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, बघून हलवा. एकट्या आजीसाठी एफ ४, १/२००, आयएसओ १००. हिस्टोग्राम बघाच. उन्हात डोळे दिपलेले असतात, पडद्याचा भरवसा नाही.

पांढऱ्या वस्तूंबद्दल. कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी वाटतं. पांढऱ्या कापडावर पापड वाळत घातलेत आणि चौकटभर तेच आहे, तर तो ते मळकट राखाडी काढेल. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. याउलट गडद पडवीसमोर एकटे पांढऱ्या धोतरातले काका उभे असतील तर तो काळोख बघून उजेड वाढवतो आणि धोतर जाळतो. तिथे कमी करा. तुमच्या मुंजीच्या फोटोत धोतर उन्हात आणि चेहरे सावलीत, दोन्ही एकत्र सांभाळणं कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचंच होतं.

फ्लॅश असेल तर उन्हातसुद्धा वापरा, जोर दीड-दोन स्टॉप उतरवून. डोळ्यांचे खड्डे भरून निघतात. फक्त शटर १/२०० च्या वर नेऊ नका, नाहीतर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येईल. म्हणून उन्हात फ्लॅश म्हणजे एफ ११, एफ १६ असेच आकडे. आणि या वेळी रॉ.

मध्यान्ह | ६ मे, सकाळी १०:४५

इतका वेळ सगळे दुपारच्या उन्हापासून लपायच्या गोष्टी करताहेत. माणसांच्या चेहऱ्यांपुरतं मान्य. पण दुपारचं ऊन टाकाऊ आहे हे मला मान्य नाही.

डोक्यावरचा सूर्य चेहऱ्याला वाईट, कारण तो कपाळावरून घसरत खाली येतो. उभ्या कोरीव भिंतीवरूनही तो तसाच घसरत येतो, आणि तिथे तेच हवं असतं. सकाळी समोरून ऊन पडलं की शिल्पं सपाट दिसतात. दुपारी त्याच शिल्पाच्या बोटाबोटाखाली, दागिन्याच्या मण्यामण्याखाली सावली पडते.

याहून मोठं उदाहरण खिद्रापूरचं. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, १२ व्या शतकातलं शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि छताला मधोमध गोल मोकळं गवाक्ष. त्याच्या बरोबर खाली गोल रंगशिला. हिवाळ्यात दुपारी जाल तर उन्हाची तबकडी उत्तरेकडच्या खांबांकडे सरकलेली असते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, साडेबाराच्या सुमारास, सूर्य माथ्यावर असतो आणि वरच्या वर्तुळातून आलेलं ऊन खालच्या वर्तुळात येऊन बसतं. बाजूचे खांब पूर्ण सावलीत, त्यांच्या घोटलेल्या काळ्या दगडावर फक्त रंगशिलेवरून उठलेला उजेड. मी तिथे दुपारी जाऊन उभा राहिलो होतो. पाय भाजत होते, पण तासभर हललो नाही.

साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर, तिचंही तसंच. एरवी पाणी सावलीत, मे महिन्यात भर दुपारी ऊन थेट पाण्यापर्यंत.

ओसरीवरचा, तुमच्या उत्तरेच्या विहिरीत १८ तारखेला पंगतीच्या आधी डोकावून बघा.

चंद्रपूरचं_ऊन | ६ मे, दुपारी १:०५

आमच्याकडे आत्ता पारा पंचेचाळिशीला टेकलाय. थोडं वेगळं सांगतो. ताडोबात उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ हमखास म्हणून लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन येतात आणि सकाळी १० नंतर काढलेले फोटो मऊ आले म्हणून लेन्सला दोष देतात. लेन्स ठीक असते. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर उठते, डांबरी रस्त्यावर दिसते तशी, आणि दोनशे फुटांवरचा वाघ त्या थरथरत्या हवेतून बघावा लागतो. शटर कितीही वाढवा, पट्ट्यांची कड येत नाही. त्यावर महागडा उपाय नाही. जनावर जवळ असेल तेव्हाच काढायचं, नाहीतर पहिल्या दीड तासात. आमच्याकडे सूर्य रत्नागिरीपेक्षा जवळपास अर्धा तास आधी उगवतो, मेच्या मध्यावर साडेपाचच्या पुढेमागे, ते लक्षात ठेवून निघा.

आणि रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवलेला कॅमेरा कोकणातल्या दमट हवेत एकदम बाहेर काढला तर काच धुरकटते. पिशवीतच वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग उघडा.

माझा_फक्त_मोबाईल | ६ मे, दुपारी २:५०

कॅमेरा नसलेल्यांनी काय करायचं?

शटर_सव्वाशे | ६ मे, दुपारी ३:१५

जागेचं सगळं तेच. मोबाईलला सावलीची गरज उलट जास्त. आधी लेन्स पुसा, सुती रुमालाने. घाम आणि बोटांचा तेलकटपणा बसलेला असतो, उन्हाकडे धरला की सगळा फोटो दुधाळ येतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे उजेड कुलूपबंद होतो, मग बोट खाली ओढून थोडा कमी करा. फोन तापला की पडदा मंद होतो, उन्हात गाडीत ठेवू नका.

गुलमोहर_गल्ली | ७ मे, रात्री ८:४०

विषयाला थोडा फाटा फोडते, माफ करा. आमच्या रस्त्यावर गुलमोहर असा फुललाय की पानं दिसत नाहीत. पण फोटोत लाल चिखल दिसतो, पाकळ्या सुट्या दिसतच नाहीत. सकाळी काढला, दुपारी काढला, तेच.

शटर_सव्वाशे | ७ मे, रात्री ९:३०

लाल रंग फुटतोय, म्हणजे इतका भरतोय की त्यातले बारकावे उरत नाहीत. साधा हिस्टोग्राम तिन्ही रंग एकत्र दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचं सांगतो. लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख दाखवायची सोय असते, ती चालू करा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. तो सुटेपर्यंत उजेड कमी करा, बहुधा एक स्टॉप. बहाव्याच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही फुटतात. तामणाचा जांभळा उन्हात फिका पडतो, त्याला ढगाळ उजेडच द्या.

आणि वळीव येण्याची वाट बघा. दुपारी चारनंतर एका बाजूला काळंभोर आभाळ चढतं आणि दुसरीकडून ऊन अजून असतं, तेव्हा गुलमोहर काढा. पाऊस पडून गेल्यावर हवेतली धूळ बसलेली असते, तो अर्धा तास अख्ख्या मे महिन्यातला सगळ्यात स्वच्छ उजेड. वीज चमकत असेल तर झाडाखाली जाऊ नका.

मध्यान्ह | ७ मे, रात्री ९:५५

याला माझंही अनुमोदन. वळिवानंतरच्या उजेडापुढे मी दुपारचा आग्रह सोडतो.

ओसरीवरचा | १६ मे, दुपारी २:२०

गावी पोचलो. काठी रोवली. सावली दक्षिणेला पडली, साडेतीन सेंटीमीटर. बाबा आणि काका दोघंही बघायला आले. काका ६८ वर्षं या घरात राहताहेत आणि म्हणाले की पावसाआधी लाकडं त्या पडवीत ठेवतात ती कोरडी सावली म्हणूनच, पण सूर्य असा फिरतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चुलतभाऊ लाकडं हलवताहेत.

ओसरीवरचा | २१ मे, रात्री १०:०५

मंडळी, फोटो झाले. उशिरा लिहितोय, कारण आधी सगळे नीट बघितले.

मांडवावर पांढरं कापड टाकलं होतं. होमाच्या वेळी धूर आणि गाळलेला उजेड मिळून जे झालं ते मी आधी कल्पनाही केली नव्हती इतकं शांत आलंय. हळद हळदीच्या रंगाची दिसते.

एकत्र फोटो दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, दक्षिणेच्या पडवीत. ४३ माणसं, तीन रांगा, खडूची रेघ, समोर चार चादरी. दोन पुरल्या नाहीत. एफ ८, आयएसओ ५००. सगळ्यांचे डोळे दिसतात. पांढऱ्या टोपीतल्या मामांचे, मागच्या रांगेतल्या सगळ्यांचे. मी रात्री एकेक चेहरा मोठा करून पाहिला आणि मग झोपलो.

माझी चूक एक झाली. मुलांना पहिल्या रांगेत बसवलं आणि ती हळूहळू पुढे सरकली, रेघेच्या बाहेर. दोन मुलांच्या गुडघ्यांवर आणि एकीच्या केसांवर ऊन आलंय. पुढच्या वेळी मुलांना बसवायला बाक ठेवीन.

विहिरीचं पाणी दुपारी साडेबाराला तळापर्यंत उजळलं होतं, मध्यान्हदादा. तळाशी पडलेली जुनी कळशी दिसली. आईने ओळखली, ती माझ्या पणजीची.

पण सगळ्यात आवडलेला फोटो यातला नाही. दुसऱ्या दिवशी, १९ ला, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास आजी उत्तरेच्या अंगणात आंब्याची साटं उचलत होती. सह्याद्रीकडून ढग चढत होता आणि ती घाई करत होती. एक साट ताटातून सोडवली आणि नीट वाळली का ते बघायला उन्हापुढे धरली. सूर्य तिच्या समोर, वायव्येला, खाली आलेला. साट पातळ होती, मधोमध एक रेषा अजून ओली. त्यातून गाळून आलेला केशरी उजेड तिच्या गालावर आणि नथीच्या मोत्यांवर पडला होता. मागे काळं आभाळ. एफ ४, १/५००, आयएसओ २००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढून टाकणारी सोय, मी दुपारीच ऑटोवरून काढून ऊन-चिन्हावर ठेवला होता, नाहीतर कॅमेऱ्याने तो केशरी पुसून टाकला असता. मी तिला हाक मारली नाही. तीन फोटो मिळाले, मग ती म्हणाली, "उभा काय राहिलायस, ताटं आत घे," आणि थेंब पडायला लागले.

सातारची_लेक | २२ मे, पहाटे २:४५

वाचता वाचता आईची आठवण आली. तो फोटो इथे टाकणार का?

ओसरीवरचा | २२ मे, सकाळी ७:३०

आजीला विचारलं. ती म्हणाली, नको, घरात लाव. म्हणून इथे नाही टाकत, रागावू नका. मोठा छापून घेतोय, १२ बाय १८.

तीस_वर्षं_छायाचित्रण | २२ मे, सकाळी ८:१५

मॅट कागदावर छापा, चकचकीत नको, समोरच्या दाराचा उजेड त्यात दिसतो. आणि लावायची भिंत बघून घ्या. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, आणि आता तुम्हाला माहीतच आहे, मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतूनही तिरकं ऊन आत येतं. दोन-तीन उन्हाळ्यांत केशरी उडून जाईल.

ओसरीवरचा | २२ मे, सकाळी ८:४०

देवघराशेजारची आतली भिंत आहे. तिथे ऊन येत नाही. आजोबांचा मुंजीतला फोटो पण तिथेच आहे, त्याच्या शेजारी लावतो.